अ‍ॅलेक्सिस कॉर्नर : ब्रिटिश ब्लूजचे यजमान

रोलिंग स्टोन्स, क्रीम आणि लेड झेपेलिन ही नावे पाश्चात्त्य संगीत फारसे न ऐकणाऱ्यांच्याही कानावरून गेलेली असतात. या तिन्ही बँडच्या सुरुवातीच्या हकिगती वाचू लागलो की एक नाव पुन्हा पुन्हा समोर येते, ते अ‍ॅलेक्सिस कॉर्नर यांचे. गायक, गिटारवादक, गीतकार आणि रेडिओवरील निवेदक असलेल्या कॉर्नर यांना ब्रिटिश ब्लूजचे जनक म्हटले जाते. हाताखालून गेलेल्या मुलांच्या मानाने ते स्वतः ना तेवढे गाजले, ना तेवढे श्रीमंत झाले. त्यांच्या आयुष्याचा हिशेब मांडायचा तर त्यांच्या स्वतःच्या खात्यापेक्षा इतरांच्या खात्यात काय जमा झाले, हेच अधिक पाहावे लागते.

ब्लूज हे मुळात अमेरिकेच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीयांचे गाणे. गुलामगिरी कायद्याने संपली तरी कष्ट आणि अपमान संपले नव्हते, त्या काळात ते घडले. सर्वांत रुळलेली रचना अगदी साधी आहे. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचे. चार-चार मात्रांच्या बारा भागांत एक आवर्तन पूर्ण होते. काही स्वर जागेवरून किंचित उतरवून लावतात आणि त्या उतरण्यातच सारी व्यथा असते. जात्यावरच्या ओवीप्रमाणे इथेही दुःख गाऊन हलके करण्याची रीत आहे.

कॉर्नर यांचा या मातीशी काहीही संबंध नव्हता. त्यांचा जन्म १९ एप्रिल १९२८ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील ऑस्ट्रियन ज्यू, तर आईच्या घराण्यात ग्रीक रक्त होते. बालपण फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि उत्तर आफ्रिका असे फिरतीचे गेले. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर, १९४० मध्ये, ते लंडनला आले. शहरावर जर्मन विमाने बाँब टाकत असताना त्यांनी शिकागोचे पियानोवादक जिमी यान्सी यांची तबकडी ऐकली आणि हेच संगीत वाजवायचे असे मनाशी ठरवले, असे ते पुढे सांगत. सरळ वाटेने जाणारा हा मुलगा नव्हता. इतर शाळांत न रुळणाऱ्या मुलांसाठी केंट परगण्यात फिंचडन मॅनर नावाची संस्था होती, तिथे त्यांचे काही शिक्षण झाले. सक्तीच्या लष्करी सेवेत जर्मनीत असताना त्यांना सैनिकांच्या रेडिओ केंद्रावर काम मिळाले. मायक्रोफोनशी झालेली ती ओळख जन्मभर टिकली.

१९४९ मध्ये ते ख्रिस बार्बर यांच्या जॅझ बँडमध्ये आले. पुढे त्यांची गाठ सिरिल डेव्हिस यांच्याशी पडली. डेव्हिस यांचा पोटापाण्याचा व्यवसाय मोटारींचे चेपलेले पत्रे ठोकून सरळ करण्याचा, आणि वेड मात्र माउथ ऑर्गन व बारा तारांच्या गिटारचे. लंडनच्या सोहो भागात राउंड हाउस नावाच्या पबमध्ये १९५७ च्या सुमारास दोघांनी खास ब्लूजसाठी क्लब सुरू केला. सुरुवातीला श्रोते बोटांवर मोजण्याइतके असत. बिग बिल ब्रूनझी, मडी वॉटर्स, मेम्फिस स्लिम असे अमेरिकेतून येणारे थोर कलावंत मात्र कॉर्नर यांच्या ओळखीचे झाले. त्यांच्यासाठी कॉर्नर पतिपत्नींच्या घराचे दार उघडे असे.

१९५८ मध्ये मडी वॉटर्स इंग्लंडला आले ते विजेची गिटार घेऊन. ब्लूज म्हणजे साध्या लाकडी गिटारवरचे जुने लोकगीत, अशी तिथल्या रसिकांची समजूत होती. तो मोठा आवाज ऐकून अनेकजण नाराज झाले. कॉर्नर आणि डेव्हिस यांनी मात्र तीच वाट धरली. अ‍ॅम्प्लिफायर आणल्यावर राउंड हाउसची जागा गेली आणि जॅझचे क्लबही त्यांना उभे करीनात. तेव्हा १९६१ मध्ये दोघांनी ब्लूज इनकॉर्पोरेटेड हा बँड काढला आणि जागाही स्वतःच शोधली. पश्चिम लंडनमध्ये ईलिंग ब्रॉडवे स्टेशनसमोर चहाच्या दुकानाखाली एक तळघर होते. १७ मार्च १९६२ रोजी तिथे पहिला कार्यक्रम झाला. तळघर इतके दमट होते की छतावरून पाणी ठिबके. वाद्ये भिजू नयेत म्हणून रंगमंचावर कापड ताणून बांधावे लागे.

याच ठिबकत्या तळघरात पुढच्या काही महिन्यांत जे घडले त्याला ब्रिटिश संगीताच्या इतिहासात तोड नाही. ढोल वाजवायला चार्ली वॉट्स होते आणि बेसवर जॅक ब्रूस आले. चेल्टनहॅमहून ब्रायन जोन्स येत. कॉर्नर यांनी त्यांना आपल्या घरी मुक्कामाला जागा दिली होती. एप्रिलमध्ये मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स हे दोन तरुण आले आणि त्यांनी जोन्स यांना वाजवताना ऐकले. रोलिंग स्टोन्सची मंडळी अशी एका छताखाली भेटली. कॉर्नर यांची पद्धत अशी की श्रोत्यांतील कोणाला गायचे असेल त्याला वर बोलवायचे. समोरचा नवखा आहे की कसलेला, हे आधी विचारायचे नाही.

मे महिन्यापासून बँडला लंडनच्या मार्की क्लबमध्ये गुरुवारची जागा मिळाली. १२ जुलैच्या गुरुवारी बीबीसीने कार्यक्रमासाठी बोलावले, पण मानधन सहाच कलावंतांचे मंजूर होते. अधूनमधून गाणारे जॅगर त्या सहांत बसत नव्हते. मार्कीची रिकामी संध्याकाळ त्यांना आणि त्यांच्या मित्रांना मिळाली. रोलिंग स्टोन्स या नावाने झालेला तो पहिला कार्यक्रम. अंदाजपत्रकातल्या एका आकड्याने इतका मोठा परिणाम केल्याचे दुसरे उदाहरण आम्हाला तरी ठाऊक नाही.

त्याच वर्षी 'आर अँड बी फ्रॉम द मार्की' ही त्यांची तबकडी निघाली. नाव मार्कीचे असले तरी ध्वनिमुद्रण डेक्का कंपनीच्या स्टुडिओत झाले होते. यशाबरोबर मतभेदही आले. डेव्हिस यांना शिकागोच्या धाटणीचा शुद्ध ब्लूज हवा होता, तर कॉर्नर यांना सॅक्सोफोन आणि जॅझची भर घालायची होती. १९६२ संपता संपता डेव्हिस वेगळे झाले आणि जानेवारी १९६४ मध्ये, बत्तिशी गाठण्यापूर्वीच, वारले. वॉट्स यांच्या जागी आलेले जिंजर बेकर आणि जॅक ब्रूस हेही १९६३ मध्ये बाहेर पडले. पुढे एरिक क्लॅप्टन यांच्यासह त्यांचा क्रीम हा बँड झाला. ब्लूज इनकॉर्पोरेटेड १९६६ पर्यंत चालला, पण ज्या लाटेला या बँडने जन्म दिला तिच्यावर स्वार झाली ती दुसरी मंडळी. त्या काळात मुलांच्या टीव्ही कार्यक्रमासाठी बँड चालवणे हे कॉर्नर यांचे काम होते.

तरीही नव्या मुलांना हात देणे थांबले नाही. १९६८ मध्ये त्यांनी रॉबर्ट प्लँट या अनोळखी तरुणाबरोबर ध्वनिमुद्रण सुरू केले. ते अपुरे राहिले, कारण प्लँट लेड झेपेलिनमध्ये गेले. त्याच वर्षी चार पोरसवदा वादकांच्या बँडला त्यांनी फ्री हे नाव दिले आणि तो बँडही जगभर गाजला.

स्वतःचे मोठे यश त्यांना चाळिशी उलटल्यावर मिळाले. १९७० मध्ये सीसीएस या भल्यामोठ्या वाद्यवृंदाबरोबर त्यांनी काम सुरू केले आणि १९७१ मध्ये त्यांच्या दोन गाण्यांनी ब्रिटनच्या पहिल्या दहांत जागा मिळवली. लेड झेपेलिनच्या एका गाण्याची धून याच वाद्यवृंदाने वाजवली. तिचीच एक आवृत्ती बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या लोकप्रिय कार्यक्रमाच्या सुरुवातीला अनेक वर्षे वाजत असे. तिच्यात कॉर्नर यांचा आवाज मात्र नव्हता. तो खरखरीत आवाज लोकांनी ऐकला तो रेडिओवर. बीबीसी रेडिओ वनवरून ते ब्लूज, जॅझ आणि जगभरचे संगीत ऐकवत.

त्यांच्या जुन्या शाळेतील एक प्रसंग आम्हाला विशेष वाटतो. पुढे गायक म्हणून नाव मिळवलेले टॉम रॉबिन्सन सोळाव्या वर्षी आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचून फिंचडन मॅनरमध्ये आले होते. कॉर्नर एकदा तिथे आले आणि नुसत्या गिटारवर गायले. एक माणूस, एक वाद्य, एवढ्यानेच सारी खोली स्तब्ध झाली आणि रॉबिन्सन यांना आयुष्याची दिशा सापडली. या मैफलीतून कॉर्नर यांना ना पैसा मिळाला, ना प्रसिद्धी.

१ जानेवारी १९८४ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. वय अवघे ५५. एप्रिल १९९४ मध्ये बक्स्टन गावी त्यांच्या स्मरणार्थ झालेल्या मैफलीत जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट एकत्र वाजवायला उभे राहिले.

मंडळ चालवणाऱ्या माणसांना हे चरित्र जवळचे वाटेल. हॉल ठरवणारा, सतरंजी घालणारा, चार श्रोते आले तरी पुढच्या आठवड्याची तारीख जाहीर करणारा आणि कोपऱ्यातल्या लाजऱ्या मुलाला पेटीजवळ बसवणारा माणूस प्रत्येक गावात असतो. छापलेल्या कार्यक्रमपत्रिकेवर त्याचे नाव शेवटच्या ओळीत येते, कधी येतही नाही. ज्यांना कॉर्नर यांचे संगीत ऐकायचे आहे त्यांनी १९६२ ची मार्कीची तबकडी आधी ऐकावी. मग १९७८ मध्ये त्यांच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या मैफलीत ध्वनिमुद्रित झालेला 'द पार्टी अल्बम' लावावा. त्यात क्लॅप्टन आहेत, इतरही बडे पाहुणे आहेत, आणि यजमान सर्वांना जागा करून देत मध्ये उभे आहेत.