सेलेनियम शोधणारा बर्झेलियस

केसगळतीवर म्हणून सांगोल्यातल्या मित्राने परवा मला सेलेनियमच्या गोळ्यांची लिंक पाठवली. घेऊ का, म्हणाला. त्या निमित्ताने हे मूलद्रव्य शोधणाऱ्या माणसाबद्दल वाचून काढलं.

योन्स याकोब बर्झेलियस, जन्म १७७९, स्वीडन. नवव्या वर्षापर्यंत आईवडील दोघंही गेले. शिकला डॉक्टरकी, रमला रसायनात. मूलद्रव्यांना अक्षरी चिन्हं देण्याची आजची पद्धत त्याचीच. जिमवाल्यांचा लाडका 'प्रोटीन' हा शब्दही त्यानेच सुचवला!

तो एका सल्फ्युरिक ॲसिडच्या कारखान्यात भागीदार होता. तिथे तळाशी लालसर गाळ साचायचा. १८१७ मध्ये सहकारी गानसोबत त्याने तो तपासला. आधी वाटलं, टेल्युरियम आहे. पुन्हा तपासलं (डीबगिंगच की हे!), तर नवंच मूलद्रव्य निघालं. टेल्युरियमचं नाव पृथ्वीवरून, म्हणून याला चंद्रदेवी सेलिनीचं. याच्या विषारी वायूने तर काही तास त्याला कसलाच वास येईना.

१८४८ मध्ये तो वारला. प्राण्यांच्या शरीराला सेलेनियम लागतं, हे कळायला १९५७ उजाडलं. मातीतून ते पिकात येतं, पिकातून आपल्यात. आणि गंमत म्हणजे काही प्रोटीनमध्येच बसून थायरॉईडचं काम चालवतं. अमेरिकी मानकांनुसार मोठ्या माणसाला रोज ५५ मायक्रोग्रॅम पुरतं, कमाल मर्यादा ४००. सतत जास्त झालं तर गळतात ते केसच. २०२५ च्या सुरुवातीला बुलढाण्यातल्या शेगाव तालुक्यात गावंच्या गावं टक्कल पडल्याने हादरली, तेव्हा डॉ. हिंमतराव बावस्करांनी बोट दाखवलं ते रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे.