गायनाचार्य विष्णु दिगंबर पलुसकर

नाताळ जवळ आला की आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत भजनांची गडबड सुरू होते. पुष्कळ ठिकाणी तयारी आदल्या रात्री होते, आणि मग उपासनेच्या वेळी एकाचा सूर पूर्वेस तर दुसऱ्याचा पश्चिमेस जातो. बीबीसारख्या वऱ्हाडातील गावी प्यानो कोठून येणार, अशी सबब आम्ही सांगतो. परंतु उणीव वाद्याची नसून शिक्षणाची आहे, हे ज्यांच्या चरित्रावरून कळून येते, त्या गायनाचार्यांची माहिती आम्ही वाचकांस देत आहो. ते आमच्या धर्माचे नव्हते, रामभक्त होते. तथापि सद्गुण जेथे आढळेल तेथे त्याचा मान राखणे हे आमचे कर्तव्य होय.

विष्णु दिगंबर ह्यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. वडील कीर्तनकार होते. लहानपणी शोभेच्या दारूच्या स्फोटाने डोळ्यांस इजा होऊन त्यांची दृष्टी अधू झाली व शाळा सुटली. तेव्हा ते मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ह्यांच्यापाशी गायन शिकू लागले. तेथे कठीण मेहनत करून १८९६ साली ते बाहेर पडले.

त्या काळी गाणे लोकांस आवडे, पण गवयास कोणी प्रतिष्ठित गणीत नसे. शिवाय कित्येक गुरू आपली विद्या झाकून ठेवीत. ही दोन्ही दुःखे दूर करावी, असा विष्णु दिगंबरांनी निश्चय केला. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय उघडले. ते कोणा एका राजाच्या आश्रयावर नव्हे, तर लोकांच्या वर्गणीवर व जलशांच्या उत्पन्नावर चाले. पुष्कळांस एकदम शिकविता यावे म्हणून त्यांनी स्वरलिपी तयार केली व लहान मुलांसाठी पुस्तके छापली. स्त्रियांसही तेथे शिक्षण मिळे. शिष्याचा गळा गोड असून भागत नसे. त्याचे आचरणही निर्व्यसनी असावे लागे.

त्यांच्या एका वर्गाचे नाव उपदेशक वर्ग असे होते. हा शब्द आमच्याही मंडळ्यांत रूढ आहे. ह्या वर्गातील गरीब मुलांस अन्न, वस्त्र व विद्या गुरूंकडूनच मिळे. त्यांनी नऊ वर्षे शिकावे आणि पुढे दुसऱ्यांस शिकवावे, असा नियम होता. शिष्यांस बरोबर घेऊन गुरू गावोगाव जलसे करीत. त्यामुळे विद्यालयास पैसा मिळे, आणि शिष्यांस सभेपुढे निर्भयपणे गाण्याची सवय होई.

१९०८ साली मुंबईत विद्यालय निघाले. तेथे मोठी इमारत उभारली, परंतु कर्ज फिटेना आणि अखेर इमारतीचा लिलाव झाला. पुढे ते नाशिकास आश्रमात राहिले, व २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस निवर्तले.

घर गेले, पण ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, देवधर इत्यादी शिष्य राहिले. त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले, आणि आजही त्याच्या परीक्षा देशभर होतात. गव्हाचा दाणा भूमीत पडल्यावाचून पीक येत नाही, हे आम्हां शेतकऱ्यांस कोणी सांगावयास नको.

तर उपदेशक बंधूंनो, ह्या वर्षी नाताळाची भजने दिवाळीपासूनच घ्या. रोज सायंकाळी मुलांमुलींस एकत्र बसवा, एकेक ओळ सुरात येईपर्यंत पुढे जाऊ नका, आणि ज्यास येते त्याने दुसऱ्यास शिकवावे असा नियम ठेवा. टाळ व मृदंग आपल्यापाशी आहेतच. प्रभूच्या स्तुतीस एवढी मेहनत फार नव्हे.