सुट्टीचा अर्ज, सुरांत लिहिलेला

शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप बंद करणार, एवढ्यात बॉसचा मेसेज येतो. सोमवारी सकाळी हवंय, छोटंसंच काम आहे, असा. ते काम छोटं नसतं, हे तुम्हाला माहीत असतं आणि बॉसलाही. अशा वेळी दोनच रस्ते दिसतात. मुकाट्याने मान डोलवायची, नाहीतर राजीनाम्याचा मेल टाइप करायचा. तो मेल पाठवण्याआधी जोसेफ हायडनची गोष्ट वाचा. या माणसाने जवळपास तीस वर्षं अशा बॉसकडे काढली.

हायडनचा जन्म 1732 चा, ऑस्ट्रियातल्या रोराऊ गावचा. वडील गाड्यांची चाकं बनवायचे. पोराचा गळा गोड, म्हणून तो व्हिएन्नाच्या मोठ्या चर्चमध्ये गायला गेला. वयात येताना आवाज फुटला आणि नोकरी गेली. मग शिकवण्या, कुणाच्या तरी गाण्याला साथ, मिळेल ते काम, अशी काही वर्षं गेली. तुमच्या भाषेत, फ्रीलान्सिंग. त्यामुळे 1761 मध्ये एस्टरहाझी या बड्या सरदार घराण्यात वर्षाला 400 गुल्डनची नोकरी मिळाली, तेव्हा त्याने ती लगेच धरली.

करारात काय होतं बघा. राजवाड्यातल्या नोकरांसारखा गणवेश घालायचा. रोज दोनदा, सकाळी आणि दुपारनंतर, बाहेरच्या दालनात थांबून आज कोणतं संगीत हवंय ते विचारायचं. वादकांची भांडणं मिटवायची, वाद्यांची निगा राखायची. आणि सगळ्यात जड अट म्हणजे, रचलेलं सगळं मालकाचं. त्याची नक्कल कुणाला द्यायची नाही, परवानगीशिवाय दुसऱ्यासाठी काही लिहायचं नाही.

वर्षभरात मालक बदलला आणि प्रिन्स निकोलाउस आला. त्याला संगीताची मनापासून आवड होती, आणि अडचणही तीच होती! तो स्वतः बॅरिटन नावाचं वाद्य वाजवायचा. हे गजाने वाजतं, आणि मागच्या बाजूला आपल्या सारंगीच्या तरफांसारख्या तारा असतात. फरक एवढाच की त्या अंगठ्याने छेडताही येतात. असं वाद्य वाजवणारे मोजकेच, त्यामुळे त्यासाठी रचनाही मोजक्या. पण प्रिन्सना रोज नवीन हवं. 1765 च्या शेवटी हायडनला लेखी तंबी मिळाली. कामात जास्त लक्ष घाल, आणि बॅरिटनसाठी आणखी लिही, अशी.

हायडन चिडला असेलच. पण त्याने लिहायला घेतलं. 1766 च्या जानेवारीत प्रिन्स तीन रचनांवर खूश झाले, 12 डुकॅट बक्षीस दिलं, आणि त्याच दमात आणखी सहा मागितल्या. काम वेळेत दिल्याचं बक्षीस म्हणजे जास्त काम! ओळखीचं वाटतंय ना? पुढच्या काही वर्षांत हायडनने बॅरिटनची सव्वाशेच्या वर त्रिकुटं लिहिली. प्रिन्सना झेपेल असं आणि तरीही ऐकावंसं वाटेल असं लिहायचं, ही तारेवरची कसरत त्याने सांभाळली.

खरा पेच 1772 मध्ये आला. प्रिन्सनी हंगेरीतल्या दलदलीच्या भागात एस्टरहाझा नावाचा भव्य महाल बांधला होता. तिथला मुक्काम लांबत चालला. वादकांच्या बायकापोरांना तिथे राहायला मनाई होती. सवलत फक्त मोजक्यांना, आणि त्यात हायडनही होता. म्हणजे त्याचं स्वतःचं फारसं अडत नव्हतं. तरीही घरच्या ओढीने कासावीस झालेली टीम त्याच्याकडेच आली.

प्रिन्ससमोर जाऊन भांडला असता तर नोकरी गेली असती. गप्प बसला असता तर टीम गेली असती. हायडनने एक सिम्फनी लिहिली, क्रमांक 45. शेवट जोरकस होणार असं वाटत असतानाच संगीत संथ होतं. एक ओबो आणि एक हॉर्नवाला आपलं वाजवून थांबतात. त्याच्या चरित्रकारांनी सांगितलंय ते असं, की त्या संध्याकाळी एकेक वादक आपली मेणबत्ती विझवून वाद्य उचलून निघून गेला. शेवटी दोन व्हायोलिनं उरली आणि तीही हळूच थांबली. प्रिन्सना अर्थ कळला. दुसऱ्या दिवशी निघायची तयारी सुरू झाली.

इथे गोष्ट संपवली तर गोड वाटेल, पण ती अर्धीच होईल. प्रिन्स काही एका रात्रीत बदलले नाहीत. पुढे ऑपेरांचा व्याप इतका वाढला की एकेका वर्षात शंभरावर प्रयोग व्हायला लागले. 1790 मध्येही, वयाच्या 58 व्या वर्षी, एका दिवसाची सुट्टी मिळत नाही म्हणून हायडन मैत्रिणीला पत्रात गाऱ्हाणं सांगत होता. हे विसरू नका. एका हुशारीने एक मुक्काम संपतो, बॉसचा स्वभाव नाही.

बदललं ते दुसरंच. 1779 मध्ये नवा करार झाला आणि सगळं मालकाचं ही अट त्यातून गेली. हायडन आता आपल्या रचना प्रकाशकांना विकू शकत होता. पॅरिसहून मागणी आली. नाव युरोपभर झालं. बॉस तोच होता, नोकरी तीच होती, पण नोकरीबाहेर त्याचं स्वतःचं असं काही उभं राहिलं होतं. म्हणूनच 1790 मध्ये प्रिन्स वारले आणि नव्या मालकाने वाद्यवृंद मोडला, तेव्हा हायडन रस्त्यावर आला नाही. पेन्शन होतीच. 1791 च्या पहिल्याच दिवशी तो इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरला आणि लंडनने त्याला डोक्यावर घेतलं. 1809 मध्ये तो गेला, तेव्हा युरोपातला सर्वांत मान्यवर संगीतकार होता.

तर सोमवारचं काम द्यावं लागणार असेल तर द्या. पण दोन गोष्टी स्वतःला विचारून ठेवा. या कामातलं उद्या माझं म्हणून काय उरणार आहे? आणि मला सवलत मिळाली असली, तरी टीममधल्या कुणाला घरी जायचंय?