एका दिवसाचा महाराजा

बँकेची नोकरी अर्ध्यावर सोडून ज्यांनी पुढे जगात नाव काढले, अशा माणसांविषयी मला नेहमीच थोडी असूया वाटत आली आहे. मी ती शेवटपर्यंत केली. पॅट्रिक गेडिस यांनी अवघे दीड वर्ष केली. स्कॉटलंडमधल्या पर्थ या गावी, फौजेतून निवृत्त झालेल्या वडिलांचा शब्द मोडवेना म्हणून हा मुलगा एका बँकेत उमेदवारीला बसला. दीड वर्ष खतावण्या लिहिल्यावर घरच्यांनाही कळून चुकले, की याचा जीव इथे रमायचा नाही. हाच माणूस पुढे एडिंबरोपासून इंदूरपर्यंत गल्लीबोळांतून हिंडला आणि आजारी शहरांची नाडी पाहत राहिला.

माझी त्यांची गाठ पडली ती भिवंडीत. १९८९ साली माझी तिथे बदली झाली होती. तारण माल तपासण्याच्या निमित्ताने मागवाल्यांच्या गाळ्यांतून हिंडावे लागे. दिवसभर यंत्रमागांची खटखट. बोळातून सुताचे बीम लादलेली हातगाडी आली, की भिंतीला पाठ लावून उभे राहायचे. दोन माणसांनी थांबून बोलावे एवढी जागा म्हणजे चहाच्या टपरीपुढची. रस्ता हीच गावाची ओसरी होती आणि त्या ओसरीचाच लोकांना धाक होता. १९७० च्या मे महिन्यात शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी उसळलेली दंगल आणि नंतरची १९८४ ची दंगल, या दोन्ही बोलण्यात सनावळीसारख्या येत. घर कधी बांधले, मुलगी कधी झाली, तर दंगलीच्या आधी किंवा दंगलीनंतर.

त्या दिवसांत आमच्या एका खातेदाराने मला एक जुने इंग्रजी पुस्तक वाचायला दिले. गृहस्थ नगररचना खात्यातून निवृत्त झालेले. गेडिस यांच्या हिंदुस्थानातल्या अहवालांतले निवडक उतारे एकत्र करून जॅकलिन टिऱ्हिट यांनी १९४७ साली काढलेले ते पुस्तक होते. वरवर चाळायला म्हणून घेतले आणि रात्री दोनपर्यंत वाचत बसलो.

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ चा. तारीख आपल्याला पाठ करावी लागत नाही. बँक सुटल्यावर ते लंडनला टी. एच. हक्स्ले यांच्या हाताखाली जीवशास्त्र शिकले. १८७९ साली संशोधनासाठी मेक्सिकोला गेले आणि तिथे त्यांची दृष्टीच गेली. सूक्ष्मदर्शकावर पोट असलेला पंचविशीतला तरुण कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत बसून राहिला. खिडकीच्या तावदानांच्या चौकटी बोटांनी चाचपता चाचपता त्याला विचारांचे चौकोन मांडण्याची सवय जडली. पुढे जन्मभर ते कागदाला घड्या घालून त्या चौकोनांत स्थळ, काम आणि माणसे यांची नाती मांडत राहिले. दृष्टी परत आली, पण सूक्ष्मदर्शकाचे काम फारसे झेपेना. वनस्पतिशास्त्राची प्राध्यापकी त्यांनी डंडीला तीस वर्षे केली. तीही अशी, की वर्षातून उन्हाळ्याचे सत्र शिकवायचे आणि उरलेला काळ मोकळा. अशी नोकरी कोणाला नको असेल?

१८८६ साली ॲना मॉर्टन यांच्याशी लग्न झाले. नवपरिणीत जोडपे लवकरच एडिंबरोच्या चांगल्या वस्तीतून उठले आणि जुन्या शहरातल्या जेम्स कोर्ट नावाच्या चाळवजा वाड्यात बिऱ्हाड घेऊन राहू लागले. त्या काळी तिथे दाटीवाटी, घाण आणि दारिद्र्य. गेडिस यांनी शेजाऱ्यांना व्याख्यान दिले नाही. स्वतः झाडू घेतला, भिंतींना रंग काढला, खिडक्यांत फुलझाडे लावली. हळूहळू शेजारीही हात लावू लागले. उंच वाडे आणि मधला अरुंद चौक, म्हणजे आपल्या गिरगावातल्या चाळीचाच थोरला भाऊ. तो चौक कोणाच्याच मालकीचा नव्हता, म्हणून उकिरडा झाला होता. तो सगळ्यांचा आहे असे वाटू लागताच बाग झाला.

पुढे त्यांच्या मंडळींनी, त्यात थोरली मुलगी नोरा होती, जुन्या एडिंबरोतल्या पडक्या, रिकाम्या जागा पायी हिंडून मोजल्या. सत्तरहून अधिक भरल्या. सगळ्या मिळून दहा एकरांच्या आसपास. गर्दीने गुदमरलेल्या शहरात दहा एकर जागा नुसती पडून होती आणि ती कोणाला दिसतही नव्हती! त्यांतल्या काहींवर नोरा यांनी बागा उठवल्या, मुलांसाठी उघडल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर आम्स्टरडॅममध्ये आल्डो व्हान आईक या वास्तुकाराने अशाच कोपऱ्यांत आणि पडक्या जागांत शेकडो क्रीडांगणे उभी केली, तेव्हा युरोपात या विचाराचे मोठे कौतुक झाले. एडिंबरोत तो त्याआधी तीनचार दशके झाडू आणि खुरपे घेऊन अमलात आला होता.

हिशेबात मात्र गेडिस अगदी कच्चे. इमारती घ्यायच्या, दुरुस्त करायच्या, विद्यार्थ्यांना राहायला द्यायच्या आणि कर्जात बुडायचे. शेवटी १८९६ साली हितचिंतकांनी एक कंपनी काढून त्यांचा सगळा पसारा ताब्यात घेतला. त्यांचा कर्जाचा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मी तो नामंजूर केला असता आणि जन्मभर हळहळलो असतो. घर आणि जमाखर्च सांभाळला तो ॲनाबाईंनी. चरित्रकार हे एका ओळीत उरकतात. मला ते पटत नाही.

१९१४ साली मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांनी त्यांना नगररचनेचे प्रदर्शन घेऊन हिंदुस्थानात बोलावले. जगभरच्या शहरांचे नकाशे आणि चित्रे वेगळ्या जहाजाने निघाली. ते जहाज जर्मनांच्या एमडेन युद्धनौकेने बुडवले. आयुष्यभराचा संग्रह समुद्रात गेला. साठीच्या गेडिस यांनी विलायतेतल्या मित्रांकडून नवी चित्रे मागवली आणि १९१५ च्या आरंभी मद्रासला प्रदर्शन उघडले.

मग ते देशभर हिंडले. मुंबई इलाख्यातल्या सहा शहरांवर १९१५ सालीच अहवाल लिहिला. मद्रास इलाखा, लखनौ, ढाका, बडोदे, लाहोर असे करत पन्नासाच्या आसपास गावे पाहिली. त्या काळच्या इंजिनिअरांची रीत म्हणजे नकाशावर पट्टी ठेवायची, रुंद सरळ रस्ता आखायचा आणि मध्ये येतील ती घरे पाडायची. गेडिस नकाशा घेऊन बोळांतून तासन्‌तास चालत. एखादे कोसळलेले घर, एखादा आड, पिंपळाचा पार हेरत. पडक्या घराची जागा मोकळी ठेवा, तिथे झाड लावा, एखादीच भिंत मागे घ्या, म्हणजे हवा खेळेल, असे ते सांगत. खर्च कित्येक पटींनी कमी आणि बेघर कोणी होत नाही. तलाव डासांच्या भीतीने बुजवू नका, स्वच्छ ठेवा, हाही त्यांचा आग्रह. दारच्या तुळशीवर त्यांनी कौतुकाने लिहिले आहे. रोज पाणी घालणारी बाई ही त्यांच्या लेखी नगररचनाकारच होती.

१९१७ हे वर्ष त्यांच्यावर कोसळले. एप्रिलमध्ये मोठा मुलगा ॲलास्डेअर फ्रान्सच्या रणभूमीवर मारला गेला. ॲनाबाई तेव्हा इथे हिंदुस्थानात आजारी होत्या. बातमी त्यांना सोसणार नाही म्हणून गेडिस यांनी ती लपवली आणि उशाशी बसून मुलाची जुनी पत्रे नवी आल्यासारखी वाचून दाखवत राहिले. जूनमध्ये त्या गेल्या, मुलगा आहे असे समजूनच.

तुकोजीराव होळकरांच्या इंदूरचे काम याच काळातले. प्लेगने शहर हैराण झाले होते आणि नकाशे घेऊन गल्लीत हिंडणाऱ्या दाढीवाल्या साहेबाकडे लोक संशयाने पाहत. हा घर पाडायला आला, दुसरे काय! ते ध्यानात येताच गेडिस यांनी दरबाराकडे एक दिवसाचे महाराजपद मागितले आणि मिळवले. मग जाहीर केले, की यंदा दिवाळीची मिरवणूक ठरलेल्या वाटेने निघणार नाही. ज्या रस्त्यांवरची घरे झाडलेली, रंगवलेली, दुरुस्त केलेली दिसतील, त्या रस्त्यांनी ती जाईल, मग मोहल्ला हिंदूंचा असो की मुसलमानांचा. मिरवणूक आपल्या दारावरून जावी असे कोणाला वाटणार नाही? गाडे भरभरून कचरा शहराबाहेर गेला, उंदीर पकडले गेले, भिंतींना चुना लागला.

मिरवणुकीत हत्ती-घोडे तर होतेच. त्यांच्यामागे रोगराईचे राक्षस, प्रचंड डास आणि प्लेगचा उंदीर निघाला. त्यानंतर शहराचे सफाई कामगार, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, गळ्यात हार, खांद्यावरच्या झाडूंनाही फुले. १९१७ च्या सुमाराच्या संस्थानी हिंदुस्थानात, भर राजरस्त्यावर! मागून इंदूर नगरीची देवता. लोकांना तुळशीची रोपे वाटली आणि शेवटी राक्षसांना अग्नी दिला. पुढे हा साहेब रस्त्यात दिसला की लोक त्याला आपला म्हणून ओळखत. इंदूरचा दोन खंडांचा अहवाल १९१८ साली छापला गेला. गेडिस यांच्या सगळ्या अहवालांत मला तोच मोठा वाटतो.

ही हकीकत मी भिवंडीत वाचली. मिरवणुकीचा मार्ग म्हटला की जिथे दुकानांची फळ्यांची दारे आपोआप लागत, त्या गावात. १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या बसवल्या होत्या. दोन्ही समाजांतले शेजारी एका खोलीत चहा घेत नळ, गटार, भांडणे यांवर बोलत. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती, तेव्हा भिवंडी शांत राहिली. खोपडे यांनी गेडिस वाचले होते की नाही, हा प्रश्न मला गौण वाटतो.

१९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग निघाला आणि गेडिस त्याचे पहिले प्राध्यापक झाले. दाढीत पुटपुटत बोलत. मागच्या बाकांना काही ऐकू जात नसे. पण माणूस पारखता येत होता. मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्ये यांना त्यांनी विलायतेला पाठवण्यासाठी निवडले आणि पुढे घुर्ये यांनीच तो विभाग नावारूपाला आणला. १९२४ साली प्रकृतीमुळे गेडिस यांनी हिंदुस्थान सोडला. १९२५ साली तेल अवीवची आखणी केली. फ्रान्समध्ये माँपेलिए इथे विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह बांधायला घेतले, अर्थातच पुन्हा पैशांची ओढाताण करून. १९३२ च्या आरंभी सर ही पदवी घेतली आणि १७ एप्रिलला तिथेच त्यांचा अंत झाला.

ते पुस्तक परत द्यायला गेलो तेव्हा खातेदाराने घेतले नाही. मागच्या कोऱ्या पानावर त्यांनी पेन्सिलीने भिवंडीतल्या अकरा रिकाम्या जागा लिहून ठेवल्या होत्या, खुणांसकट. गेल्या वर्षी एका लग्नाला गेलो होतो, तेव्हा यादी खिशात घेऊन हिंडलो. दोन सापडल्या. एकीवर पिंपळाचा पार अजून आहे. दुसरीवर हातगाड्या लावलेल्या होत्या आणि त्यांच्या मधल्या पट्टीत पोरांचे क्रिकेट चालले होते. चेंडू माझ्या पायाशी आला. मी तो परत फेकला आणि यादीत त्या जागेपुढे बरोबरची खूण केली.