भारताच्या इतिहासाचा गंध नसलेला स्पॅनिश फादर मुंबईत आला आणि संशोधनाची अख्खी संस्था उभी करून गेला

मुंबईच्या धोबीतलावला उभी असलेली सेंट झेवियर्स कॉलेजची दगडी इमारत तुम्ही बघितली असेल. मल्हार फेस्टिव्हलमुळे तर हे कॉलेज महाराष्ट्रभर माहीत आहे. पण याच इमारतीत इतिहास संशोधनाची एक संस्था आहे आणि तिला एका स्पॅनिश फादरचं नाव आहे, हे फार कमी जणांना ठाऊक असतं.

ते म्हणजे फादर हेन्री हेरास.

१८८८ साली बार्सिलोनात जन्मलेले हेरास १९०४ मध्ये जेझुइट संघात दाखल झाले. मुंबईत ते आले १९२२ साली, आणि त्यामागे कारण होतं पहिल्या महायुद्धाचं. १८६९ साली झेवियर्स कॉलेज सुरू केलं ते जर्मन जेझुइटांनी. युद्ध पेटल्यावर इंग्रजांच्या राज्यात जर्मन माणूस म्हणजे शत्रू. त्यामुळे या फादरांना भारत सोडावा लागला आणि युद्धानंतर मुंबईची जबाबदारी स्पेनच्या जेझुइटांकडे आली.

हेरास यांची नेमणूक इतिहास शिकवायला झाली होती. असं सांगतात की, प्राचार्यांनी त्यांना कोणता इतिहास शिकवणार असं विचारलं, तेव्हा त्यांनी उलट पोरं कुठला इतिहास शिकतात हेच विचारलं. भारताचा, असं उत्तर आल्यावर त्यांनी तोच शिकवायचं ठरवलं. त्याबद्दल काहीच माहिती नसल्याचंही त्यांनी मोकळेपणानं मान्य केलं आणि अभ्यासाला बसले.

त्या काळात महाराष्ट्रात इतिहास संशोधन म्हटलं की पुण्याचं नाव यायचं. तिथं राजवाड्यांचं भारत इतिहास संशोधक मंडळ होतं, भांडारकर संस्था होती. मुंबईच्या कॉलेजांमधला भर मात्र परीक्षा पास होण्यावर. विद्यार्थ्यानं स्वतः शिलालेख वाचावा, नाणं हातात घेऊन तपासावं, जुनी पत्रं धुंडाळावीत, हे वर्गात व्हायचं नाही.

हेरास यांनी नेमकं तेच सुरू केलं. १९२६ साली, म्हणजे येऊन चारच वर्षं झालेली असताना, त्यांनी झेवियर्समध्ये भारतीय इतिहास संशोधन संस्था काढली. पुस्तकं, हस्तलिखितं, नाणी, मूर्ती असं जे मिळेल ते जमवायला घेतलं.

स्वतःचं कामही दणक्यात चालू होतं. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत विजयनगर संपलं, असं आपण शाळेत शिकतो. पण राजधानी उद्ध्वस्त झाली तरी अरविडू घराण्यानं ते राज्य पुढं चालवलं. या घराण्यावर हेरास यांनी १९२७ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. त्यात शिलालेखांसोबत त्यांनी वापरली ती चंद्रगिरीच्या दरबारात राहिलेल्या जेझुइटांची पत्रं. युरोपातल्या दप्तरांत पडून असलेला हा ऐवज वाचणारा माणूस आता मुंबईत होता.

विद्यार्थीही मागे नव्हते. जॉर्ज मोरायस यांचा कदंब राजवंशावरचा ग्रंथ १९३१ मध्ये संस्थेच्या मालेत आला. कदंबांच्या इतिहासात रस घेणाऱ्याला तो आजही चुकवता येत नाही. गोव्यात चांदर इथं, म्हणजे कदंबांच्या जुन्या चंद्रपुरात, खुद्द हेरास यांनी १९२९ साली उत्खनन केलं होतं.

इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं. मग हेरास मोहेंजोदडोच्या नादाला लागले.

सिंधू लिपी आपण वाचू शकतो, तिची भाषा मूळ द्रविडी आहे, असं त्यांना वाटू लागलं. दोन दशकं त्यांनी यात घातली. १९५३ साली त्यावरचा जाडजूड ग्रंथ आला, पण त्यांची वाचनं विद्वानांनी स्वीकारली नाहीत. पुराव्याशिवाय बोलू नका असं पोरांना शिकवणारा माणूस इथं पुराव्याच्या बराच पुढं निघून गेला होता.

एक कल्पना मात्र टिकली. सिंधू मुद्रांवर माशाचं चिन्ह वारंवार येतं. तमिळमध्ये मीन म्हणजे मासा आणि मीन म्हणजे ताराही. आपल्या राशीतला मीन तो हाच. मग माशाचं चित्र काढून तारा सुचवला असेल का? हेरास यांनी मांडलेला हा धागा पुढं फिनलंडचे अभ्यासक आस्को पारपोला यांनी उचलला आणि त्यावर बरंच काम केलं. लिपी अजूनही कुणाला निर्विवाद वाचता आलेली नाही, हा भाग वेगळा.

ग्रंथ आल्यानंतर दोनच वर्षांनी, डिसेंबर १९५५ मध्ये, हेरास मुंबईतच वारले. संस्थेला त्यांचं नाव देण्यात आलं. १९६४ पासून तिथून 'इंडिका' हे संशोधनाचं नियतकालिक निघू लागलं. १९८१ मध्ये भारतीय टपाल खात्यानं हेरास यांच्यावर तिकीट काढलं. त्यावर त्यांच्या चेहऱ्यासोबत चित्र छापलं होतं ते सिंधू संस्कृतीतल्या मुद्रेचं.