हेन्री मोझली : आधी कोबाल्ट की निकेल?

शिवाजी पेठेतल्या कुठल्याही घरातलं स्टीलचं ताट घ्या. त्यात लोखंड, क्रोमियम आणि बहुधा निकेलही असतं. ही सगळी संक्रामक मूलद्रव्यं. त्यांचं इलेक्ट्रॉन संरूपण पाठ करून घेण्याआधी मुलांना मोझलींची गोष्ट जरूर सांगा.

हेन्री मोझलींचा जन्म २३ नोव्हेंबर १८८७ रोजी इंग्लंडमधल्या वेमथ गावी झाला. त्या काळी मूलद्रव्यं अणुवस्तुमानाच्या क्रमानं मांडत. त्या हिशेबानं निकेल (५८.७) कोबाल्टच्या (५८.९) आधी यायला हवं, पण गुणधर्म उलटंच सांगत होते. १९१३ मध्ये मँचेस्टरला मोझलींनी एकेका धातूचे क्ष-किरण तपासले. वारंवारतेचं वर्गमूळ दर मूलद्रव्यामागे सारख्याच पायरीनं वाढत होतं. म्हणजे खरा क्रम केंद्रकावरच्या प्रभाराचा! कोबाल्ट २७, निकेल २८. अणूत इलेक्ट्रॉनही तेवढेच. ४एस मध्ये दोघांचेही २. ३डी मध्ये कोबाल्टचे ७, निकेलचे ८.

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि मोझली सैन्यात भरती झाले. १० ऑगस्ट १९१५ ला गॅलिपोलीच्या लढाईत गोळी लागून ते गेले. वय अवघं २७, कोबाल्टच्या अणुअंकाएवढं.

तेव्हा वर्गात आधी अणुअंक विचारा, मग इलेक्ट्रॉन भरायला लावा. मुलांना ते समजूनच लक्षात राहील.