ना. म. जोशी आणि पहिलटकरणीची रजा

बिदर-कलबुर्गीकडून पोटासाठी मुंबईला गेलेल्या कितीतरी जणांनी लोअर परळचा ना. म. जोशी मार्ग पाहिलेला असतो. पण ज्यांच्या नावाचा तो रस्ता, त्यांनी बाळंतिणीच्या रजेसाठी थेट मध्यवर्ती विधिमंडळात विधेयक मांडलं होतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. म्हणून त्यांच्याविषयी लिहावंसं वाटलं.

नारायण मल्हार जोशी १८७९ साली कोकणातल्या गोरेगावात जन्मले. पदवीनंतर काही वर्षं त्यांनी शिक्षकी केली. १९०९ मध्ये ते गोखल्यांच्या भारत सेवक समाजात गेले, १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. गिरणी कामगारांमध्ये काम करणारा हा साधा माणूस १९१९ साली भारतीय कामगारांचा प्रतिनिधी म्हणून वॉशिंग्टनच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेला गेला. बाळंतपणाआधी सहा आणि नंतर सहा आठवडे रजा, शिवाय त्या काळात पोटापुरता पैसा, असा करार त्याच परिषदेत झाला.

बिनपगारी रजा म्हणजे मजूर बाईला उपासच. त्यामुळे १९२४ साली जोशींनी विधेयक आणलं, त्यात रजेबरोबर पैशाचीही मागणी होती. पुढच्याच वर्षी ते फेटाळलं गेलं. जोशी काही थांबले नाहीत. १९२९ मध्ये मुंबई प्रांताने असा कायदा केला. त्या विधेयकाला डॉ. आंबेडकरांनी कौन्सिलात ठाम पाठिंबा दिला होता. त्याच वर्षी नेमलेल्या रॉयल लेबर कमिशनवर जोशी सदस्य होते, आणि त्या कमिशननेही असा कायदा सुचवला.

आपला भाग मात्र तेव्हा निजामाच्या राज्यात. गुलबर्ग्यात महबूब शाही कापड गिरणी होती, पण मुंबईचा कायदा तिला लागू नव्हता. देशभराचा कायदा व्हायला १९६१ उजाडलं. जोशी १९५५ मध्येच गेले होते. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली.

तरी एक गोष्ट मला खटकत राहते. जोशींचं विधेयक कारखाने, खाणी आणि चहामळ्यांपुरतं होतं. शेतातली बाई त्यात नव्हती. आजही औराद, भालकी, आळंदकडे तूर काढायला जाणारी पहिलटकरीण कुठल्या हजेरीपटावर नसते. ती माहेरी येते, ओटी भरली जाते, आणि मजुरी बंद होते. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये आहेत, पण ते अनुदान झालं; बुडालेली मजुरी त्यातून भरून निघत नाही. जोशींनी गिरणीतल्या बाईचं बाळंतपण कायद्याच्या कामात आणलं. शेतातल्या बाईसाठी ते करणं अजून बाकी आहे.